वस्तऱ्याची मूठ

सोलिंगेन किंवा शेफिल्डचं जुनं वस्तऱ्याचं पातं हाती लागतं, तेव्हा बरेचदा मुठीची वाट लागलेली असते. एके काळी सेल्युलॉइडच्या मुठींची चलती होती. हे प्लास्टिक म्हातारं झालं की नायट्रोजनची ऑक्साइडं सोडतं. ओलाव्याशी मिळून त्यांचं आम्ल बनतं आणि मिटून ठेवलेलं पोलाद आतल्या आत गंजतं. म्हणून हौशी मंडळी लाकडाकडे वळतात.

ओक नको, त्यातलं टॅनिन लोखंडाशी वैर धरतं. शिसवी लाकूड झकास, पण घासताना मास्क हवाच. त्याच्या भुश्शाची अनेकांना ॲलर्जी असते. ओलाव्याने लाकूड रेषांच्या आडवं फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. म्हणून मुठीच्या साधारण ३ मिलिमीटर जाडीच्या दोन्ही पट्ट्यांत रेषा उभ्या, लांबीच्या दिशेने घ्यायच्या. आडव्या घेतल्या तर पट्टी कटकन मोडते.

खरी गंमत शेपटाकडच्या पाचरीत. पट्ट्यांमधला हा निमुळता तुकडा नीट उतरता झाला, तर पट्ट्या किंचित बाक घेऊन ताणात राहतात आणि पातं बरोब्बर मधोमध मिटतं. उतार चुकला की धार लाकडात घुसलीच! मग पट्ट्या जोडायला पितळेची तार वॉशरमधून ओवून, हलक्या हातोडीने ठोकत तिचं डोकं पसरवायचं. जोर केलात तर लाकडाला चीर जाते.

शेवटी जवसाचं तेल चोळायचं. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून टाकू नका. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होताना त्या तापतात, कधी पेटही घेतात.