एक ग्राम पाणी आणि चंद्र

एक ग्राम पाणी म्हणजे साधारण वीस थेंब. त्यातले इलेक्ट्रॉन मोजायचे तर 334 लिहून पुढे 21 शून्यं द्यावी लागतील. त्यांचा एकूण ऋण प्रभार सुमारे 53,600 कूलोम, आणि तेवढाच धन प्रभार अणुकेंद्रकांत.

आता समजा, हे सगळे इलेक्ट्रॉन काढून चंद्रावर नेले आणि केंद्रकं इथेच टेबलावर ठेवली. मधे 3 लाख 84 हजार किलोमीटर. शार्ल कूलोमने 1785 मध्ये, तारेला बसणारा सूक्ष्म पीळ मोजून, सांगितलेला नियम लावा: अंतर दुप्पट झालं की बल चौथाई. तरीही उत्तर येतं सुमारे 175 न्यूटन. अठरा किलोचं पोतं उचलताना हाताला बसते तेवढी ओढ, तीही चंद्रावरून! (प्रत्यक्षात हे जमणार नाही. वेगळे केलेले इलेक्ट्रॉन एकमेकांनाच भयंकर जोराने दूर लोटतील.)

मग एवढं प्रचंड बल रोज दिसत का नाही? कारण धन आणि ऋण यांचा हिशेब जवळजवळ तंतोतंत जुळलेला असतो. स्थितिक विद्युत म्हणजे त्या हिशेबातली अगदी किरकोळ चूक.

ती किती किरकोळ, ते पाहा. तेल न लावलेल्या, कोरड्या केसांतून दहा ग्रामचा प्लॅस्टिकचा कंगवा फिरवला आणि त्यावर 10 नॅनोकूलोम प्रभार आला असं धरू. म्हणजे सुमारे 6,200 कोटी जादा इलेक्ट्रॉन. आकडा मोठा वाटतो, पण कंगव्यात मुळात असलेल्या इलेक्ट्रॉनांच्या तुलनेत हे प्रमाण साधारण 50 लाख कोटींत एक इतकंच. तेवढ्यावर कागदाचा कपटा टुणकन वर येतो. कपटा स्वतः उदासीन असतो. पण कंगवा जवळ येताच त्याच्या रेणूंतले इलेक्ट्रॉन किंचित पलीकडे सरकतात, धन बाजू जवळ राहते आणि जवळची ओढ जिंकते. खाली अख्खी पृथ्वी कपट्याला खेचत असते, तरी ती हरते. हायड्रोजनच्या अणूत तर विद्युत आकर्षण गुरुत्वाकर्षणाच्या 2 वर 39 शून्यं इतके पट आहे.

हा प्रयोग डिसेंबरातच करावा. जुलैत हवेतला दमटपणा वस्तूंवर पाण्याचा पातळ थर धरतो, त्यावरून प्रभार निसटून जातो, आणि मुलांना वाटतं पुस्तकच खोटं.

चुंबकत्वाची गोष्ट मला याहून विलक्षण वाटते. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेत एक अँपिअर प्रवाह असताना इलेक्ट्रॉन तासाला जेमतेम 26 सेंटिमीटर पुढे सरकतात. तार उदासीनच असते. तरीही एवढ्या संथ सरकण्यातून चुंबकीय बल निर्माण होतं. तारेचे शेकडो वेढे घातले की ते साठत जातं, आणि मोटरला जोडलेलं गिरणीतलं जातं गरगर फिरू लागतं.