ज्वारी चोख, पण गिरणी गव्हाची

बारामती व इंदापूर हे पूर्वापार ज्वारी-बाजरीचे तालुके. त्यामुळे 'सिलिअक' आजाराच्या रुग्णाचे येथे सहज निभेल, असे वाटते. या आजारात गहू, सातू यांतील ग्लुटेनमुळे आतड्याच्या अस्तराला इजा होते. आयुष्यभराचे पथ्य हाच उपाय. ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणीत ग्लुटेन नसते. खरी अडचण दळणाची आहे.

गव्हानंतर ज्वारी दळली की गिरणीच्या दगडांत राहिलेले गव्हाचे पीठ तिच्यात उतरते. सरकारी नियमाने ग्लुटेनमुक्त मालात किलोमागे 20 मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन चालत नाही. चिमूटभर गव्हाचे पीठही ही मर्यादा ओलांडू शकते.

म्हणून आम्ही सुचवितो की, घरघंटी घ्यावी व तीत गहू कधीच दळू नये. चाळणी, काथवट, पोळपाट-लाटणे वेगळे ठेवावे. रुग्णाची भाकरी आधी, घरच्यांची चपाती नंतर करावी. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते, तेव्हा वेष्टन वाचून घ्यावे. ईदला शेवया तांदळाच्या आणाव्यात. मात्र रक्ततपासणीपूर्वी गहू सोडू नये. आजार तपासणीत निसटू शकतो.

गिरणीवाल्या बांधवांनीही विचार करावा. वेगळ्या खोलीत एक चक्की केवळ ज्वारी-बाजरी-तांदळासाठी राखली, तर गरजू गिऱ्हाईक लांबूनही येईल. पण पुडीवर 'ग्लुटेनमुक्त' छापण्याआधी प्रयोगशाळेचा दाखला हवाच. येथे खोट्या शब्दाची किंमत रुग्णाला मोजावी लागते.