घरखर्च, सरकारी खर्च आणि आपले गाव

देशाच्या वार्षिक उत्पन्नाचा हिशेब मांडताना अर्थतज्ज्ञ चार रकमांची बेरीज करतात : कुटुंबांचा उपभोग खर्च, सरकारचा उपभोग खर्च, गुंतवणूक आणि आयात वजा जाता उरणारी निर्यात. भारतात यांपैकी सुमारे ६० टक्के वाटा कुटुंबांचा, तर सुमारे १० टक्के सरकारचा असतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील एखादे गाव हा छोटासा देशच आहे असे मानले, तर या शब्दांचा अर्थ सहज ध्यानी येतो.

तेंदूपानांच्या हंगामातील मजुरीतून आठवडी बाजारात घेतलेले तेल, मीठ, कापड हा कुटुंबाचा उपभोग खर्च होय. घरच्या शेतातील धान घरीच शिजले, तरी त्याची किंमत या हिशेबात धरतात. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात दरडोई मासिक खर्च सरासरी ४,१२२ रुपये होता आणि त्यातील सुमारे ४७ टक्के अन्नावर होत होता.

शाळेतील शिक्षकांचे व प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकांचे वेतन हा सरकारचा उपभोग खर्च. नवा रस्ता मात्र गुंतवणुकीत जातो. निराधार वृद्धेला मिळणारे अनुदान हे केवळ हस्तांतरण असते. त्यातून तिने औषध घेतले की तो कुटुंबाचा खर्च ठरतो.

येथेच एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. आरोग्य केंद्रातील पद रिक्त राहिले, तर सरकारचा खर्च घटतो. परंतु रुग्णाला घेऊन नागपूरला जाणाऱ्या कुटुंबाचा खर्च वाढतो. कागदावरील बेरीज कदाचित तेवढीच राहील. ओझे मात्र सरकारच्या खांद्यावरून गरिबाच्या खांद्यावर आलेले असते. म्हणून कुटुंबांचा खर्च वाढला म्हणजे सुख वाढले, असे समजणे योग्य नव्हे.

या दोहोंमध्ये आणखी एक वाट आहे, हे धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने दाखविले. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे म्हणणाऱ्या या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकार ग्रामसभेकडे आले. बांबूची मजुरी घरात गेली आणि विक्रीचे उत्पन्न ग्रामसभेच्या हाती आले. गावाला स्वतःचा कोष असल्याने घरखर्चाबरोबर गावखर्चाचा निर्णयही गावकऱ्यांच्या हाती राहिला.

आपल्या गावातही ग्रामसभा भरते. तेथे जमाखर्च वाचला जाईल तेव्हा आपण एवढेच विचारावे : कोणता खर्च सर्वांनी मिळून उचलला, आणि कोणता एकेका घरावर टाकला गेला? या प्रश्नाचे उत्तर गावाच्या एकूण उत्पन्नाच्या आकड्याहून अधिक सांगून जाते, असे आम्हांस वाटते.