मागे चार टायर: जुन्या पिकअपच्या जोडचाकाविषयीचे गैरसमज

जोडचाक म्हणजे मागच्या एक्सलच्या प्रत्येक टोकाला एकाऐवजी दोन टायर. १९८६ साली बाजारात आलेली टाटा ४०७ कारखान्यातूनच अशी सहा टायरांची येते; बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ मात्र चारच टायरांवर चालते. पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की बागेतला संत्रा डांबरी रस्त्यापर्यंत आणि पुढे नागपूरकडे नेण्यासाठी पिकअप लागतेच. गाडी जुनी आणि क्रेट जास्त असले, की मागे दोन टायर वाढवण्याचा विचार डोक्यात येतो.

टायर दुप्पट झाले म्हणजे गाडी दुप्पट वजन पेलेल, हा पहिला गैरसमज. मुळात टायरचीच क्षमता दुप्पट होत नाही. टायरच्या बाजूवर ११६/११४ असे आकडे असतील, तर पहिला आकडा एकट्या टायरसाठी (१२५० किलो) आणि दुसरा जोडीतल्या प्रत्येक टायरसाठी (११८० किलो) असतो. त्यात पाटे, हाउसिंग, बेअरिंग, चासी आणि ब्रेक जुनेच राहतात. यांतला सर्वांत कमजोर भाग जेवढे पेलेल, तेवढीच गाडीची ताकद.

२०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेचा दाखलाही चुकीचा दिला जातो. तिच्यात दोन टायरांच्या एक्सलला ७.५ टन आणि चार टायरांच्या एक्सलला ११.५ टन अशी मर्यादा आहे खरी, पण ती कमाल मर्यादा आहे. कोणत्याही एका गाडीची क्षमता तिच्यावरून ठरत नाही. पिकअपचे मालासकट एकूण वजनच साडेतीन टनांच्या आत असते. म्हणजे तिचे घोडे टायरांच्या संख्येपाशी अडलेलेच नसते.

खरी गोम हबमध्ये आहे. कारखान्यातल्या जोडचाकाची रिम खोल असते. दोन रिमा पाठीला पाठ लावून बसवल्या की वजनाची रेषा दोन्ही टायरांच्या मधून, बेअरिंगच्या जवळून जाते. स्पेसर लावून जुन्या चाकाबाहेर दुसरे चाक अडकवले, तर ही रेषा बाहेर सरकते आणि बेअरिंगवर व स्टडवर पहारीसारखा रेटा येतो. काही गाड्यांत वजन हाउसिंग पेलते आणि शाफ्ट फक्त चाक फिरवतो. तिथे शाफ्ट तरी बचावतो. जिथे शाफ्ट दोन्ही कामे करतो, तिथे तो तुटला तर चाकच निखळू शकते. अमेरिकेत शेव्हरोलेने १९७३ मध्ये जोडचाकी पिकअप आणली, तीसुद्धा त्यासाठीच बांधलेल्या एक्सलवर आणि रुंद मडगार्डसह.

चार टायरांमुळे ब्रेक चांगले लागतात, हेही खरे नाही. ड्रम आणि लायनर तेच राहतात. छिंदवाड्याहून सौंसरकडे सिल्लेवानी घाट उतरताना जादा माल असेल, तर तापतात ते ड्रम; जादा टायर त्यांना थंड करत नाहीत.

काळ्या मातीत जोडचाक कमी रुतते, ही समजूत अर्धी खरी आहे. वजन जास्त जागेवर पसरते हे बरोबर. पण बाहेरचा टायर पुढच्या चाकाच्या चाकोरीत न चालता स्वतःची वेगळी वाट कापतो आणि दोन टायरांच्या मध्ये चिखल व दगड अडकतात. दगड वेळीच काढला नाही, तर दोन्ही टायर आतून कापले जातात.

पंक्चर झाले तरी गाडी चालत राहते, पण तेवढ्यापुरतीच. सगळा भार उरलेल्या टायरवर येतो. आतला टायर दिसत नसल्याने त्याची हवा गेल्याचे कळायलाही उशीर होतो. जोडीतला एक टायर नवा आणि दुसरा झिजलेला असेल, तर मोठ्या व्यासाचा टायर जास्त वजन घेतो आणि लहान घासत जातो.

आरटीओत फी भरली की बदल कायदेशीर होतो, असेही मानले जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. नियमबाह्य बदलासाठी कलम १८२ अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. ओव्हरलोडचा दंड वेगळा: २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,०००. अपघात झाल्यास विमा कंपनीलाही दावा नाकारायला कारण मिळते. शिवाय आठ वर्षांवरील मालवाहू गाडीचे पासिंग दरवर्षी असते; तिथे मागचे चार टायर लपत नाहीत.