मुंबई ते तेल अवीव : अंतर एक, वेळ अनेक

पवित्र भूमीच्या यात्रेला निघणाऱ्या भाविकांचा पहिला प्रश्न असतो : मुंबईहून तेथे पोहोचायला किती तास लागतात? प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. त्यामागील कारणे ध्यानात आली, तर यात्रेची, विशेषतः वृद्ध व आजारी यात्रेकरूंच्या प्रवासाची, आखणी नीट करता येते. म्हणून हा लेखप्रपंच.

आपला सहार येथील विमानतळ आणि तेल अवीवचा बेन गुरियन विमानतळ यांमधील हवाई अंतर सुमारे ४,०५० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरावा, तसे हे अंतर मोजले जाते. प्रवासी जेट विमान उंचीवर ताशी साधारण ८५० किलोमीटर वेगाने जाते. चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास अधिक धरला, तर सव्वापाच तास पुरेसे व्हावेत.

प्रत्यक्षात अनेक वर्षे या प्रवासाला सुमारे आठ तास लागत असत. सौदी अरेबियाचे आकाश इस्रायलला जाणाऱ्या विमानांना बंद होते. त्यामुळे इस्रायली विमाने तांबड्या समुद्रावरून दक्षिणेला उतरून, एडनच्या आखाताला वळसा घालून अरबी समुद्रावर येत. नकाशावर मोजल्यास हा फेरा सुमारे दीड हजार किलोमीटरचा भरतो. २२ मार्च २०१८ रोजी एअर इंडियाचे दिल्लीहून निघालेले विमान सौदी आकाशातून प्रथमच तेल अवीवला पोहोचले. जुलै २०२२ मध्ये सौदी अरेबियाने व फेब्रुवारी २०२३ मध्ये ओमानने आपले आकाश सर्व देशांच्या विमानांना खुले केले. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटले आणि अनेक कंपन्यांनी उड्डाणे थांबवली. माणसांमधील वैर जमिनीपुरते राहत नाही, ते आकाशातही भिंती उभारते.

दुसरे कारण वाऱ्याचे. उंचावर, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून येतानाचा प्रवास बहुधा थोडा लवकर संपतो.

तिसरे कारण घड्याळाचे. इस्रायल आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. तेथील उन्हाळी वेळेत हा फरक अडीच तासांचा होतो. तिकिटावरील वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. हिवाळ्यात सकाळी सहाला निघून साडेपाच तासांनी उतरलो, तर तेथे आठच वाजलेले असतील. परतताना संध्याकाळी सहाला निघून पाच तासांनी आलो, तर येथे पहाटेचे अडीच वाजलेले असतील.

म्हणून यात्रेकरूंनी केवळ दोन वेळांची वजाबाकी करू नये. तिकिटावरील एकूण प्रवासकाल पाहावा, वाटेत विमान बदलायचे असल्यास तेथील थांबा मोजावा व औषधांच्या वेळा त्यानुसार ठरवाव्यात. अम्मान किंवा कैरोमार्गे जाणाऱ्यांनी सीमेवरील तपासणी व बसप्रवास यांचाही विचार करावा.

बेन गुरियन विमानतळाशेजारीच लोद नगर आहे. पेत्राने पक्षाघाती ऐनेयासला बरे केले ते हेच लोद. यात्रेकरू विमानातून उतरतो, तो बायबलच्या भूमीवरच. तेथून जेरुसलेम सुमारे ५० किलोमीटरवर आहे. ही वाट सर्वांसाठी सदैव मोकळी राहो, अशी प्रार्थना आपण करू या.