कोपऱ्यातलं मशीन

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याहून सोलापूरला परत आला, कायमचा. कोविडात दोन वर्षं साखर पेठेतल्या घरी बसून त्यानं कंपनीचं काम चोख केलं. मग ‘रोज ऑफिसात या’ असं फर्मान आलं. हिंजवडीतला तो मोकळा हॉल, चहूकडचे फोन, सकाळची उभ्याउभ्या मीटिंग. चार महिन्यांत ‘टीममध्ये मिसळत नाही’ असा शेरा मिळाला.

तेव्हापासून डोक्यात २००१ ते २०११ घोळतंय. आधीची डॉस-फ्लॉपीची वर्षं सोडून द्या. नंतर तर मी नुसतं भाडं भरलं. २००१ला एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा आली आणि गल्लोगल्ली क्लास निघाले. माझा अशोक चौकाजवळ. खाली यंत्रमाग, वर आम्ही. नोकरदार यायचे, माउस हवेत उचलून धरायचे. आणि शाळेनं ‘मठ्ठ’ ठरवलेली पोरं यायची.

हा त्यांतलाच. घरी तेलुगू, शाळेत मराठी, पडद्यावर इंग्रजी. तोंडातून मात्र तिन्हींतलं फारसं काही नाही. मागांची एकसुरी खटखट त्याला चालायची, शाळेची घंटा झाली की कानांवर हात. भिंतीकडे तोंड असलेलं कोपऱ्यातलं मशीन त्याचं. तिथं दुसरं कुणी बसलं की हा उभाच. मीही सहा महिने त्याला हट्टीच समजलो. लाइट गेल्याचं त्याला काही नसे. वेळेआधी गेली की थरथरायचा. मग भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीवर लावलं, उसनवारी करून त्या एका मशीनला यूपीएस घेतला. एक्सेलची निम्मी सूत्रं मी त्याच्याकडूनच शिकलो.

२००७ला ‘तारे जमीन पर’ आला, आया डिस्लेक्सियाबद्दल विचारू लागल्या. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा शब्द आमच्या गल्लीत तेव्हाही नव्हता. १९९५च्या अपंग कायद्यातल्या सात प्रकारांतही नव्हता. २०१६च्या कायद्यात प्रकार एकवीस झाले, तेव्हा तो आला, अध्ययन अक्षमताही आली. आता खासगी कंपन्यांनाही समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं. याच्या कंपनीचं मी वाचलं, छान छापलंय. सॅप या सॉफ्टवेअर कंपनीनं २०१३ साली स्वमग्न लोकांच्या जगभरातल्या भरतीची घोषणा केली होती. याला खास भरती नकोच होती. खुर्ची भिंतीकडे फिरवून हवी होती.

परवा घरी आला. क्लासच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, खालचे माग भंगारात गेले.

“सर, ते मशीन?”

“विकलं रे.”

“यूपीएस?”

तो आहे. माळ्यावर.