चहा फाटला, दोष कोणाचा?

घरी पाहुणे आले आहेत. आल्याच्या चहाचा वास सुटला आहे. इतक्यात कोणीतरी पातेल्यात डोकावते आणि तांबूस पाण्यावर पांढरे कण तरंगताना दिसतात. चहा फाटला! लगेच दोषाची वाटणी सुरू होते. कोणी म्हणते, गवळ्याने दुधात पाणी घातले असणार. कोणी म्हणते, सुनेने पातेले नीट घासले नसेल. आजीला वाटते, दुधाला दृष्ट लागली. दूध तर वाया जातेच. पण त्याहून वाईट म्हणजे पुराव्यावाचून कोणाला तरी बोल खावा लागतो.

विद्यार्थी मित्रहो, हा दोष कोणाचा हे ठरवण्याचे काम आपण विज्ञानाकडे सोपवले तर? आमच्या गेवराईकडे, म्हणजे बीड जिल्ह्याच्या गोदाकाठच्या या भागात, आल्याचा चहा आणि गुळाचा चहा दोन्ही आवडीने पितात. त्यामुळे दोन्ही तऱ्हेने चहा फाटल्याच्या तक्रारी ऐकू येतात. चला, चौकशी करू या.

दूध दूध का राहते?

फाटणे म्हणजे काय हे समजण्यासाठी आधी दूध फाटत का नाही ते पाहिले पाहिजे. गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. उरलेल्या भागात साखर, स्निग्ध पदार्थ, क्षार आणि प्रथिने असतात. प्रथिनांपैकी सुमारे चार-पंचमांश भाग केसीन नावाच्या प्रथिनाचा असतो. केसीनचे रेणू कॅल्शियम फॉस्फेटच्या साहाय्याने एकत्र येऊन अतिसूक्ष्म गोळे बनतात. असे दहा हजार गोळे एका ओळीत मांडले तर ती ओळ एक-दोन मिलिमीटर भरेल! हे गोळे आणि स्निग्ध पदार्थाचे थेंब प्रकाश सर्व बाजूंना विखुरतात, म्हणून दूध पांढरे दिसते.

हे गोळे सारखे हिंदकळत असतात, एकमेकांवर आदळू पाहतात. मग ते चिकटून त्यांचा गोळा का होत नाही? त्यांच्या पृष्ठभागावर प्रथिनांचेच केसांसारखे तंतू असतात आणि त्यांवर ऋण विद्युतभार असतो. सजातीय भार एकमेकांना दूर सारतात, हा नियम तुम्ही शाळेत शिकला आहात. तोच नियम दुधाला दूध म्हणून टिकवून ठेवतो.

आता फाटण्याचे मार्ग सहज लक्षात येतील. एकतर गोळ्यांवरील ऋणभार नाहीसा करायचा किंवा ते तंतूच छाटून टाकायचे. दोन्ही प्रकारांत गोळे एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि पाणी वेगळे पडते. दूध तापलेले असेल, तर हे काम झपाट्याने होते.

पहिला संशयित : आंबलेले दूध

दुधात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जंतू असतात. ३० ते ४० अंश सेल्सिअस तापमान त्यांना फार मानवते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. न तापवता ठेवलेले सकाळचे दूध दुपारपर्यंत हळूहळू आंबू लागते. आम्लातील धनभारित हायड्रोजन आयन केसीनचा ऋणभार कमी करतात. ताज्या दुधाचा सामू सुमारे ६.६ असतो. तो ४.६ पर्यंत उतरला की गार दूधही थिजते. त्यालाच आपण दही म्हणतो. पण दूध उकळताना मात्र त्यापेक्षा पुष्कळच कमी आम्लता पुरते. म्हणूनच जिभेला गोड लागणारे दूधसुद्धा चुलीवर ठेवताच फाटू शकते.

येथे गवळ्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. नुसते पाणी घातल्याने दूध फाटत नाही. पाणी घातले की दूध पातळ होते, लॅक्टोमीटरमध्ये पकडले जाते. पण केसीनचा ऋणभार काही जात नाही. पाणी घाण असेल तर त्यातील जंतूंमुळे दूध लवकर आंबेल, हा मुद्दा वेगळा. पातेल्याचेही तसेच. ज्या भांड्यात दूध तासन्‌तास साठवले ते अस्वच्छ असेल, तर जंतूंना विरजण मिळाल्यासारखे होते. चहाच्या पातेल्यात दूध चार-पाच मिनिटेच असते. तेवढ्यात ते आंबत नाही.

दुसरा संशयित : आले

ताज्या आल्यात झिंजिबेन नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम असते. प्रथिनांचे तुकडे करणे हे त्याचे काम. मटण लवकर शिजावे म्हणून त्याला कच्ची पपई लावतात, हे तुम्ही घरी पाहिले असेल. पपईतील पपेन हे विकर त्याच जातीचे. झिंजिबेन केसीनच्या गोळ्यांवरचे तंतू छाटते आणि दूध थिजते. दक्षिण चीनमध्ये या गुणाचा उपयोग करून एक गोड पदार्थ बनवतात. वाटीत आल्याचा रस घेऊन त्यावर साखर घातलेले गरम दूध ओततात. थोड्याच वेळात त्याचा दह्यासारखा मऊ थर बसतो.

हे विकर ६० अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत जोमाने काम करते. मात्र उकळत्या पाण्यात त्याची रचना मोडते आणि ते कायमचे निकामी होते. मराठवाड्याचे पठार समुद्रसपाटीपासून उंच असल्याने आपल्याकडे पाणी १०० ऐवजी ९८-९९ अंशांनाच उकळते. पण झिंजिबेनचा निकाल लावायला तेवढे तापमान भरपूर आहे.

एक दिवस चहा फाटतो आणि दुसऱ्या दिवशी फाटत नाही, याचे कोडेही येथे सुटते. पाणी, दूध आणि किसलेले आले एकदमच पातेल्यात घातले आणि जाळ मंद असला, तर चहा बराच वेळ ५० ते ७० अंशांच्या टप्प्यात रेंगाळतो. विकराला हवा तेवढा वेळ मिळतो. पऱ्हाट्यांची चूल भडकते आणि लगेच बसते, तेव्हा हे हमखास घडते. गॅसच्या मोठ्या आचेवर हा टप्पा भराभर ओलांडला जातो आणि चहा वाचतो.

तिसरा संशयित : गूळ

साखर जवळजवळ शुद्ध सुक्रोज असते. गुळात सुक्रोजबरोबर उसाच्या रसातील सेंद्रिय आम्ले आणि कॅल्शियमसारखे क्षारही राहतात. दमट हवेत पाझरलेला जुना गूळ तर आंबून आणखी आंबट होतो. आम्ल ऋणभार कमी करते आणि कॅल्शियम आयन गोळ्यांना जोडायला मदत करतात. त्यात उकळीची भर पडली की चहा फाटतो. गुळाचा चहा करणारे अनुभवी लोक दूध वेगळे तापवून शेवटी, पातेले खाली उतरवल्यावर मिसळतात. त्यामुळे दूध आणि गूळ एकत्र उकळत नाहीत. तापमानही उतरते, वेळही कमी मिळतो.

करून पाहा

नुसते वाचून विश्वास ठेवू नका. शाळेतून तापमापी मिळवा आणि घरातील मोठ्या माणसांसमोर हा प्रयोग करा. ताजे दूध उकळून सुमारे ६५ अंशांपर्यंत निवू द्या. तीन वाट्या घ्या. पहिलीत दोन चमचे साधे पाणी घाला. दुसरीत दोन चमचे ताजा आल्याचा रस घाला. तिसरीत पाच मिनिटे उकळून गार केलेला आल्याचा रस तेवढाच घाला. आता प्रत्येक वाटीत अर्धा कप गरम दूध ओता आणि दहा मिनिटे वाट्या हलवू नका. मग प्रत्येक वाटी हळूच तिरकी करा. कोणत्या वाटीतील दूध थिजले?

पहिली वाटी कशासाठी, असे तुम्ही विचाराल. दूध मुळातच खराब नव्हते आणि पाण्याने ते फाटत नाही, हे ती दाखवते. तिच्याशी तुलना केल्यावाचून दुसऱ्या वाटीतील दोष आल्यावर टाकता येत नाही. तिसरी वाटी सांगते, की दोष आल्याच्या चवीचा किंवा तिखटपणाचा नसून उष्णतेने नष्ट होणाऱ्या एखाद्या घटकाचा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सर्व सारखे ठेवायचे, हा प्रयोगाचा पाया आहे.

तपासाची रीत आणि चहाची कृती

पुढच्या वेळी घरी चहा फाटला, तर त्याच दुधातील उरलेले अर्धी वाटी दूध वेगळ्या स्वच्छ भांड्यात नुसतेच उकळा. ते फाटले तर दूध आंबले होते. ते चांगले राहिले तर दूध आणि गवळी दोघेही निर्दोष. मग आले कधी घातले, गूळ कधी घातला, हे विचारा.

आणि चहा फाटूच नये यासाठी क्रम असा ठेवा : चार कपांसाठी तीन कप पाण्याचे आधण ठेवावे. त्यात ठेचलेले आले, दोन लवंगा आणि हवा असल्यास गवती चहा घालून चार-पाच मिनिटे खळखळ उकळावे. मग चहापूड आणि साखर घालावी. नंतर एक कप तापवलेले दूध घालून एक उकळी आणावी. वेलदोड्याची पूड शेवटी घालून झाकण ठेवावे, कारण तिच्यातील सुगंधी तेले वाफेबरोबर उडून जातात. दुधातील केसीन चहातील टॅनिनशी संयोग पावते, म्हणून तुरटपणाही कमी होतो.

आता एक काम तुमच्यासाठी. वरच्या प्रयोगात ताज्या आल्याऐवजी सुंठीची पूड पाण्यात कालवून वापरा. दूध थिजते का? आले वाळवताना त्या विकराचे काय होत असेल? आधी आपला अंदाज वहीत लिहा, मग प्रयोग करा, आणि अंदाज चुकला तरी तो खोडू नका.